फ्लॅटच्या कामाचा कंत्राटदार भरवशाचा आहे, हे ओळखायचं कसं?

सदाफुली
५ फेब्रुवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरजेपोटी पहिला धागा काढतेय.

आईबाबांचा कोथरूडला फ्लॅट आहे. १९९६ ची इमारत, तिसरा मजला, ७४० चौरस फूट. आतापर्यंत दोनदा रंग दिला, बाकी कशाला हात लावलेला नाही. आता दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा, सगळं वायरिंग आणि फरशी बदलायची आहे. काम चालू असताना ते दोघं माझ्याकडे राहतील. पावसाळ्याआधी त्यांना परत जायचंय, कारण बाबांना माझ्याकडच्या पंख्याचा वारा लागत नाही (तो वेगळ्या धाग्याचा विषय).

तीन कोटेशनं आली आहेत.

पहिल्याचं ६ लाख २५ हजार. एक पान, पाच ओळी: 'बाथरूम २ नग कंप्लीट', 'किचन कंप्लीट', 'इलेक्ट्रिक कंप्लीट' अशा. निम्मे पैसे आगाऊ, सोमवारपासून काम सुरू. बोलायला फार गोड. आईला मावशी म्हणाला, बाबांच्या गुडघ्याची चौकशी केली, जाताना चहाचा कप स्वतः सिंकमध्ये ठेवला. आईचं मत तिथेच पक्कं झालं.

दुसऱ्यांचं ८ लाख ९० हजार. साठीचे गृहस्थ आहेत, बोलणं मोजकं. दीड तास टेप लावून मापं घेतली, मोरीच्या जाळीत टॉर्च मारून बघितलं, भिंतींवर बोटाने टकटक केली. मग आठ दिवस गायब! फोन उचलेनात. नवव्या दिवशी चार पानी कोटेशन आलं, खाली एक ओळ: '१० मार्चआधी जमणार नाही.'

तिसरी कंपनी आहे. १३ लाख ४० हजार अधिक जीएसटी. टॅबवर आमच्या घराची चित्रं दाखवली. चित्रातल्या बाल्कनीतून समुद्र दिसतो. कोथरूडला.

तिघांनीही जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर दिले. मी फोन केले, सगळे म्हणतात माणूस चांगला आहे. मग आता ठरवायचं कशावरून?

---

खालचा_मजला
५ फेब्रुवारी, रात्री ११:२५

हे नाव मी हौसेने घेतलेलं नाही.

आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये असंच नूतनीकरण झालं. दोन महिने ड्रिलची घरघर सोसली, शेजारधर्म म्हणून. काम संपल्यावर त्यांनी जेवायला बोलावलं, बाथरूम दाखवलं. खरंच देखणं होतं. दिवाळीच्या सुमारास माझ्या बाथरूमच्या छताचा रंग फुगला. मग पिवळा डाग, मग थेंब. मी दीड वर्ष टमरेल लावून बसलो आहे.

शेवटी सोसायटीने प्लंबर आणून वरची जाळी उघडायला लावली. जुन्या टाइल्स फोडताना ब्रेकर खोल गेला होता आणि खालच्या कोब्याला (पाणी अडवणाऱ्या थराला) तडा गेला होता. त्यावर वॉटरप्रूफिंग न करता नुसत्या मालावर (सिमेंट-वाळूच्या) नव्या टाइल्स बसवल्या. नहाणी ट्रॅपच्या (जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याच्या) भोवती हात घातला तर माल भुसभुशीत, बोटाने उकरला जातो. भिंत आणि जमीन मिळते तिथे वाटा (सांध्यातली सिमेंटची गोलाई) मारलेलाच नाही.

आता मुद्दा असा, की वरच्या मंडळींना विचाराल तर ते आजही सांगतील की कंत्राटदार उत्तम होता. खोटं नाही बोलत ते. त्यांच्या बाथरूममध्ये काही बिघडलेलंच नाही, गळतंय माझ्याकडे. नेटवर त्यांनी त्याला पाच तारे दिलेत, ते अजून तसेच चमकतायत.

म्हणून तुम्ही फोन केले ते ठीक, पण कोणाला केले ते महत्त्वाचं. गेल्या महिन्यात संपलेलं काम बघू नका. दोन पावसाळे काढलेलं काम मागा, तिथे जा, आणि त्या घराच्या खालच्या मजल्याची बेल वाजवा.

---

अर्थिंग
६ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

वरच्या प्रतिसादाला शंभर वेळा +१. वाचनखूण साठवली.

मी वायरिंगपुरतं बोलतो. 'इलेक्ट्रिक कंप्लीट' या दोन शब्दांत २० पॉइंटही बसतात आणि ७० ही. खोलीवार पॉइंट मोजून लिहून घ्या. साधारणपणे दिवे-पंख्यांना दीड स्क्वेअरची (म्हणजे चौरस मिलिमीटर जाडीची) वायर, पॉवरच्या सॉकेटला अडीच आणि एसी-गीझरला चार स्क्वेअर, हे घरगुती कामाचं गणित. भिंत बंद झाल्यावर आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही, म्हणून वायरची ९० मीटरची बंडलं सीलबंद यावीत आणि रिकामी खोकी तुम्हाला दाखवल्याशिवाय फेकू नयेत. झिऱ्या (भिंतीत खाचा) मारून पाइप टाकला, की बुजवायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी खिळा ठोकताना मला दुवा द्याल. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का तेही बघा, आईबाबांच्या घरात ती हवीच.

माणूस पारखायची माझी युक्ती सोपी आहे. कंत्राटदाराला विचारा, 'गीझरला किती स्क्वेअरची वायर टाकणार?' मग तो गेल्यावर त्याच्या इलेक्ट्रिशियनला वेगळं गाठून तोच प्रश्न विचारा. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर त्यांचं आपसात बोलणंच झालेलं नाही, किंवा झालंय आणि ते तुम्हाला सांगायचं नाहीये.

---

ओळंबा
६ फेब्रुवारी, सकाळी १०:३०

३२ वर्षं साइटवर काढून आता निवृत्त. सिव्हिलवाला.

ताई, कोटेशनं घटकाभर बाजूला ठेवा. तिघांनाही एकेकटं बोलवा, हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीकडे बोट दाखवा आणि सहज म्हणा, 'ही काढली तर किती मोकळं वाटेल, नाही?' काढायची नसली तरी विचारा. जो म्हणेल 'काढू की, दीड दिवसाचं काम', त्याला चहा पाजून निरोप द्या. कामाचा माणूस आधी भिंतीची जाडी बघेल, वर बीम कुठून गेलाय ते पाहील, सोसायटीकडे मूळ नकाशे आहेत का विचारेल, आणि शंका असली तर म्हणेल, स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवा, त्याने लिहून दिलं तर हात लावतो. जुन्या लोडबेअरिंग इमारतीत भिंतच वरचा भार घेते. तुमची इमारत बहुधा आरसीसी फ्रेमची (भार खांब-बीमवर) असेल, पण 'बहुधा' या शब्दावर ब्रेकर चालवत नाहीत.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. तेव्हा मी अजून नोकरीत होतो. त्या आठवड्यात आम्ही सगळे एकमेकांना एकच विचारत होतो: एवढं काम चालू असताना कोणीच कसं थांबवलं नाही?

आणखी एक. सोसायट्यांच्या आदर्श उपविधीप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवं. तुमच्या सेक्रेटरींकडून त्याचा अहवाल मागून घ्या. तुम्ही मागण्याआधी ज्या कंत्राटदाराने तो मागितला, त्याच्याकडे माझा कल असेल. सोसायटीची परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा, राबिट (तोडफोडीचा मलबा) कुठे टाकणार, लिफ्टमधून गोणी न्यायच्या की नाही, हे जो स्वतःहून विचारतो त्याने याआधी सोसायट्यांत कामं केली आहेत एवढं नक्की.

---

सदाफुली
६ फेब्रुवारी, दुपारी १:१५

बापरे. खालच्या मजल्याचा विचार मी केलाच नव्हता. आमच्या खाली एक काकू एकट्या राहतात.

अर्थिंग, ओळंबा काका, दोन्ही प्रयोग करते. पहिल्या माणसाने एक सांगितलं होतं ते लिहायचं राहिलं. म्हणाला, 'पक्कं बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील मावशी, आपण घरचेच.' बाबा खूश झाले. हे बरोबर आहे का?

---

ताळेबंद
६ फेब्रुवारी, दुपारी २:००

घरचेच! ते शब्द कानावर पडले की मी पाकीट घट्ट धरतो.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर अशा सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. छोटे कंत्राटदार या मर्यादेत असू शकतात, त्यात वावगं काही नाही. पण मग तो जीएसटी लावूच शकत नाही, तेव्हा 'वाचवणार' तरी कुठून? आणि नोंदणी असूनही बिल देत नसेल, तर वाचला तो त्याचा कर. तुमचा वाचला नाही, उलट पुरावा गेला.

तिसऱ्या कंपनीचा आणि दुसऱ्या गृहस्थांचा जीएसटी क्रमांक कोटेशनवर असेल. १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. '२५ वर्षांचा अनुभव' असं व्हिजिटिंग कार्डावर छापणाऱ्या एका महाभागाची नोंदणी अकरा महिन्यांपूर्वीची निघाली होती. कदाचित आधी दुसऱ्या नावाने धंदा असेल. मग ते आधीचं नाव का सोडलं, एवढंच मी विचारलं. परत फोन आला नाही.

---

ठाणेकर_काकू
६ फेब्रुवारी, दुपारी ४:२०

माझ्या दोन गोष्टी. कागदपत्रांतलं मला कळत नाही, माणसं कळतात.

आमच्याकडे काम चाललं होतं तेव्हा दुपारचा चहा मीच करायचे. मिस्त्री आणि त्याचे दोन बिगारी खाली पोत्यावर बसून प्यायचे. तिसऱ्या आठवड्यात बघितलं तर मिस्त्रीचा चेहरा पडलेला, बिगारी बदललेले. विचारलं तर आधी काही बोलेना. मग म्हणाला, 'काकी, सेठने दोन हप्ते पगार दिला नाही, पोरं दुसऱ्या साइटवर गेली.' मी तर कंत्राटदाराला सत्तर टक्के देऊन बसले होते! ते पैसे त्याच्या डोंबिवलीच्या साइटवर लागले होते, हे नंतर कळलं. चौथ्या आठवड्यात साइटवर कोणीच नाही, फोन बंद. ओट्याचा ग्रॅनाइट भिंतीला टेकून उभा, सिंक खोक्यात, आणि मी बाल्कनीत इंडक्शनवर वरणभात लावतेय. शेवटी त्या मिस्त्रीलाच शोधून काढलं, रोजावर पैसे दिले आणि काम पुरं करून घेतलं. एकूण खर्च किती झाला ते यजमानांना अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून कोणाच्या साइटवर गेले की मालकाशी कमी बोलते. मिस्त्रीला विचारते, 'किती वर्षं यांच्याकडे?' 'सात-आठ वर्षं झाली' म्हणाला की माझं निम्मं काम झालं. 'आजच आलो, नाक्यावरून' म्हणाला तर समजून जायचं.

---

थापी_रंधा
६ फेब्रुवारी, रात्री ९:५०

मी कंत्राटदार आहे. आता दगड मारा.

खरं सांगू का, वरचं बहुतेक सगळं बरोबर आहे. काकूंनी सांगितला तो आमच्या धंद्याचा जुना आजार. अ च्या साइटचे पैसे ब च्या मिस्त्रीला, ब चे क च्या प्लायवाल्याला. निम्मे पैसे आगाऊ मागतो तो माणूस चोरच असतो असं नाही. पण त्याच्याकडे खेळतं भांडवल नाही हे नक्की, आणि तुमच्या पैशांनी आधीची उधारी फिटणार हे जवळपास नक्की. मी स्वतः सुरुवातीची चार वर्षं हेच केलं. झोप लागत नव्हती.

६.२५ चा माणूस ८.९० वाल्यापेक्षा स्वस्त आहे असं समजू नका. त्याने आकडा आधी ठरवला आणि काम नंतर मोजणार आहे. जुनी फरशी उखडणं, राबिट उचलणं, वॉटरप्रूफिंग, नळाच्या जुन्या लाइनी, दाराच्या चौकटी, यांतलं काहीच त्या पाच ओळींत नाही. घर फोडून झालं की एकेक 'एक्स्ट्रा' निघेल, आणि फोडलेल्या घरात उभं राहून तुम्ही नाही म्हणू शकणार नाही. असं साडेनऊपर्यंत सहज जातं. ही सगळी वाक्यं मी स्वतः वापरलेली आहेत.

दुसऱ्या गृहस्थांनी आठ दिवस का लावले? चार पानी कोटेशन करायचं तर प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार तिघांकडून दर घ्यावे लागतात. मला सहा दिवस लागतात. फोन न उचलणं मात्र वाईटच, त्याचं समर्थन करत नाही. आणि १० मार्चची तारीख म्हणजे हातात काम आहे. लग्नसराईच्या आधी सोमवारी लगेच मोकळा असलेला कंत्राटदार मोकळा का आहे, हे विचारा की.

पैशांचं मी आता असं करतो: दहा टक्के काम पक्कं करताना. टाइल्स, नळ, प्लाय, वायर हे गिऱ्हाइकाने दुकानात थेट बिलावर घ्यायचं, मी सोबत येतो. दुकानदार आम्हाला कमिशन देतात, हेही सांगून टाकतो. कोण किती घेतो ते ज्याचं त्याच्यापाशी, पण 'याच दुकानातून घ्या' असा हट्ट धरला तर कारण ओळखा. बाकीची मजुरी टप्प्याटप्प्याने, झालेलं काम मोजून. शेवटचे दहा टक्के काम संपल्यावर महिन्याने. ही तारीख कागदावर लिहा, कारण ते शेवटचे दहा टक्के बुडवणारी गिऱ्हाइकं मोप बघितली आहेत मी. एका सद्गृहस्थांनी टाइल्स तीनदा बदलल्या, मग उशीर झाला म्हणून पैसे कापले. आम्हीही गिऱ्हाईक पारखतो ताई. पहिल्याच भेटीत 'आधीचे दोघे चोर निघाले' असं सांगणाऱ्याचं काम मी घेत नाही.

प्लाय घेताना: ओलाव्याच्या जागी, म्हणजे सिंकखालच्या कपाटाला, आयएस ७१० (भारतीय मानकाचा क्रमांक) चा मरीन. साधा एमआर (थोडाफार ओलावा सोसणारा) ग्रेड आयएस ३०३ चा, तो कोरड्या खोलीत चालतो. शिक्क्यावरचा सीएम/एल नंबर (परवान्याचा) भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. मी गिऱ्हाइकासमोर टाकून दाखवतो. एकदा माझाच माल बनावट निघाला होता, दुकानदाराच्या तोंडावर परत नेऊन टाकला.

---

गावाकडचा
७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

किती तो संशय! आमचं साताऱ्याजवळचं घर एका गवंड्याने बांधलं. कागद नाही, कोटेशन नाही. दर शनिवारी बाबा पैसे द्यायचे, तो मोजायचासुद्धा नाही. वीस वर्षं झाली, भिंतीला केसाएवढी चीर नाही. माणसावर विश्वास टाकला की माणूसही जपतो.

---

ओळंबा
७ फेब्रुवारी, सकाळी ९:१०

गावाकडचा, तुमचं म्हणणं खोटं नाही. पण तो गवंडी त्याच गावचा होता ना? त्याची बायको तुमच्या आईच्या भिशीत, पोरगा तुमच्या शाळेत. भिंतीला चीर गेली असती तर देवळात तोंड दाखवायची पंचाईत. कागद नव्हता, पण गाव होतं. कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावर येणारा माणूस काम संपल्यावर ताईंना पुन्हा कुठे भेटणार?

आणि दर शनिवारी झालं तेवढ्याचे पैसे, हेच थापी_रंधा सांगतायत. तुमच्या बाबांनी निम्मे आगाऊ नव्हते दिले.

---

सॅनहोजेकर
७ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

इकडचं सांगतो, तुलना म्हणून. कॅलिफोर्नियात कंत्राटदाराला राज्याच्या मंडळाचा परवाना लागतो. त्याचा क्रमांक मंडळाच्या साइटवर टाकला की परवाना चालू आहे का, २५ हजार डॉलरचा बाँड (हमीपत्र) आहे का, कामगारांचा विमा आहे का, कारवाई झाली आहे का, सगळं दिसतं. घरदुरुस्तीच्या कामात आगाऊ रक्कम १० टक्के किंवा १००० डॉलर, यांतली जी कमी असेल तेवढीच घेता येते. त्याहून जास्त मागणं बेकायदा.

तरीही माझ्या किचनचं काम अडीच महिन्यांऐवजी सहा महिने चाललं. परवाना, बाँड, विमा, सगळं चोख. कॅबिनेटची दारं उलटी आली होती.

---

खटलेवाली
७ फेब्रुवारी, दुपारी १२:३०

आपल्याकडे घरातल्या नूतनीकरणाच्या कंत्राटदाराला असा परवाना नाही. बरेच जण रेराचं (स्थावर मालमत्ता कायद्याचं) नाव घेतात, पण रेरा बिल्डरसाठी आहे. इमारतीच्या दोषांची पाच वर्षांची जबाबदारी प्रवर्तकावर (बिल्डरवर) आहे. तुमचं बाथरूम करणाऱ्याशी रेराचा संबंध नाही.

ग्राहक आयोगात मात्र जाता येतं. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. ५ लाखांपर्यंत शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची, ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर तक्रार ऑनलाइन दाखल होते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी, कधीकधी तेवढ्यावर काम होतं.

पण आयोगापुढे उभं राहिल्यावर काय दाखवणार? माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा एक व्हिजिटिंग कार्ड असतं आणि 'साडेतीन लाख रोख दिले' एवढं तोंडी. सही केलेलं कोटेशन, बँकेतून गेलेले पैसे, आणि प्रत्येक बदल मेसेजवर लिहून 'ठीक आहे' असं आलेलं उत्तर, एवढं असलं तरी पुष्कळ. फोनवर ठरलं असेल तर लगेच मेसेज करा: 'आत्ता बोललो त्याप्रमाणे खिडकीखालचा कडप्पा काढून ग्रॅनाइट, जादा अमुक रुपये.' चांगला कंत्राटदार याला वैतागत नाही. वैतागला तर तेही कळलं.

---

सदाफुली
१६ फेब्रुवारी, रात्री ९:१५

वृत्तांत.

भिंतीचा प्रयोग केला. पहिला म्हणाला, 'मावशी, उद्या सकाळी पाडतो.' शब्दशः. आईने माझ्याकडे बघितलं आणि चहाला नाही म्हणाली, हे आमच्या घरात प्रथमच घडलं. कंपनीच्या मुलाने 'टेक्निकल टीमला विचारून मेल करतो' सांगितलं, मेल अजून यायची आहे. दुसऱ्या गृहस्थांनी भिंतीकडे बघितलंही नाही. म्हणाले, 'वर बीम आहे, मागच्या वेळी मोजला. भिंत साडेचार इंची आहे, निघेल कदाचित, पण तुमच्या ऑडिटच्या कागदाशिवाय मी हात लावणार नाही. आणि आजोबांना हॉलमध्ये फोडणीचा वास चालेल का?' बाबा म्हणाले, अजिबात नाही. विषय संपला.

मग त्यांच्याकडून जुन्या कामाचे पत्ते मागितले, दोन पावसाळे झालेले. त्यांनी तीन दिले. कर्वेनगरच्या एका घरी गेले. वरच्या मजल्यावर काम चांगलं, नाण्याने टाइल्स वाजवून बघितल्या, दोन पोकळ वाजल्या. खाली बेल वाजवली. दार उघडलेल्या बाईंना सांगितलं काय विचारायचंय, तर आधी त्यांना वाटलं मी काहीतरी विकायला आले आहे. मग म्हणाल्या, 'गळलं होतं ना. काम झाल्यावर दोन महिन्यांनी.' माझं तोंड उतरलं. 'फोन केला वरच्यांनी, तर ते म्हातारे स्वतः आले. जाळीभोवतालचं सगळं उकरून परत केलं. पैसे नाही घेतले. आमच्या छताला रंगही देऊन गेले, फक्त शेड जुळली नाही.' छतावर तो फिकट चौकोन अजून दिसतो.

आता हे चांगलं धरायचं की वाईट?

---

खालचा_मजला
१६ फेब्रुवारी, रात्री ९:४०

माझ्या छताकडे बघून सांगतो: त्यांचा नंबर मला पण द्या.

---

थापी_रंधा
१६ फेब्रुवारी, रात्री १०:०५

माझं एकही काम गळलं नाही असं सांगणाऱ्याने कामंच कमी केलेली असतात. घ्या त्यांना. पण कोटेशनमध्ये 'वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्सआधी ७२ तास पाणी साठवून चाचणी' हे लिहून घ्या, आणि त्या तीन दिवसांत बाथरूमला कुलूप. आमचीच पोरं हात धुवायला जातात आणि जाळीचा बोळा काढतात.

---

सदाफुली
२९ मार्च, रात्री १०:२०

काम त्यांनाच दिलं. ११ मार्चला सुरू झालं.

सगळं गुडीगुडी नाही. फोन ते अजूनही उचलत नाहीत, रात्री साडेनऊला एकगठ्ठा उत्तरं देतात. सुतार चार दिवस आलाच नाही, त्याच्या गावी जत्रा होती. फरशी उखडल्यावर जुनी लोखंडी पाइपलाइन गंजून चाळणी झालेली निघाली. त्यांनी काम थांबवून फोटो पाठवला, सोबत हिशोब: ३१ हजार जादा, दुसरा पर्याय फक्त गळका तुकडा बदलायचा तर ८ हजार, 'पण तो मी सुचवणार नाही'. बाबांनी दुकानात फोन करून सीपीव्हीसीच्या (प्लास्टिक पाइपच्या) दरांची पडताळणी केली. जुळले. खटलेवालींनी सांगितल्याप्रमाणे सगळं मेसेजवर आहे. मिस्त्री नऊ वर्षं त्यांच्याकडे आहे, हे आईने पहिल्याच दिवशी विचारून घेतलं (काकू, आभार). अर्थिंग, गीझरची दोन्ही उत्तरं चार स्क्वेअरच आली.

काल संध्याकाळी पहिल्या बाथरूममध्ये पाणी भरलं. घोट्याच्या खाली येईल इतकं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण, तिच्याशेजारी तारीख आणि वेळ. दाराला कुलूप लावून किल्ली त्यांनी बाबांच्या हातात दिली.

---

खालचा_मजला
२९ मार्च, रात्री १०:३१

पेन्सिलची खूण राहू दे. खालच्या काकूंच्या छताला हात लावून बघितलात का?

---

सदाफुली
३० मार्च, सकाळी ११:५०

आत्ताच स्टुलावर चढून लावला. कोरडं आहे. काकू खाली स्टूल धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, उद्या संध्याकाळी ७२ तास होतात ना, तेव्हा परत ये, तोवर मी रोज तीनदा बघतेय.